चेंडू आपल्याकडे नसतो तेव्हा काय करायचं? सांघिक खेळात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

फुटबॉलचा पूर्ण सामना ९० मिनिटांचा आणि मैदानात दोन्ही संघांचे मिळून २२ जण. चेंडू एकदाही बाहेर न जाता सगळ्यांना सारखा वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. बास्केटबॉलला ४० मिनिटं आणि १० खेळाडू, म्हणजे पुन्हा चारच. हँडबॉलला ६० मिनिटं आणि १४ जण, चाराच्या किंचित वर. हॉकीत तर तीन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. उरलेला सगळा वेळ चेंडू दुसऱ्या कुणाकडे तरी असतो. नव्याने मैदानात उतरलेल्या मुलामुलींचं सगळं लक्ष मात्र त्या चार मिनिटांवर असतं: किक कशी मारायची, ड्रिबल कसं करायचं (म्हणजे चेंडू ताब्यात ठेवत पुढे कसा न्यायचा), बास्केट कशी टाकायची. माझं ठाम मत आहे की शिकायला सुरुवात उरलेल्या वेळापासून करावी.

हे मार्गदर्शन पाचवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आहे. साताऱ्यातल्या, तसंच कराड, कोरेगाव, वाई, फलटणकडच्याही. खेळाचा तास अचानक अंगावर पडलेल्या शिक्षकांना आणि मुलांना सकाळी मैदानावर सोडायला येणाऱ्या पालकांनाही याचा उपयोग होईल.

पायरी १: खेळ निवडा

फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल आणि हँडबॉल वरवर वेगळे दिसतात. एकात पाय, एकात स्टिक, दोघांत हात. पण काम सगळ्यांत एकच. दोन्ही संघ एकाच मैदानात एकमेकांत मिसळलेले असतात, समोरच्याच्या हद्दीत घुसून गोल करायचा असतो आणि त्याच वेळी आपली हद्द राखायची असते. व्हॉलीबॉलमध्ये मध्ये जाळी असते, खो-खोत एक संघ पळतो आणि दुसरा पाठलाग करतो, क्रिकेटमध्ये आळीपाळीने फलंदाजी होते. तिथे ही घुसाघुशी नाही. कबड्डीत चेंडू नसला तरी चढाई करणारा एकटा समोरच्या अंगणात शिरतो आणि गुण घेऊन परत येतो. जागा हेरणं, कोंडी करणं, साखळी तुटू न देणं हे सगळं तिथंही आहेच, म्हणून कबड्डीला मी याच घरातली मानतो.

याचा फायदा असा, की एक खेळ नीट शिकलात तर दुसऱ्याची अर्धी वाट चालून झालेली असते. त्यामुळे ‘कुठला खेळ घेऊ?’ यावर फार डोकं शिणवू नका. जे मैदान जवळ आणि जिथे रोज शिकवणारं कुणी आहे, तो खेळ घ्या. कबड्डीला मोकळी जागा आणि चुन्याची फक्की पुरते, म्हणून ती आपल्याकडे गावोगाव आहे. बास्केटबॉलला सिमेंटचं कोर्ट लागतं, ते प्रत्येक शाळेत नसतं. फुटबॉलचं वेड शेजारच्या कोल्हापुरातून आपल्याकडे सहज पोचतं. आणि हॉकी म्हणजे मोठ्या शहरांचा खेळ असं कुणी म्हणालं तर त्यांना फलटण तालुक्याकडे बोट दाखवा. तिथली वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती.

पायरी २: तीन प्रश्नांची सवय लावा

मैदानात असताना दर दोन-तीन सेकंदांनी स्वतःला विचारायचं: चेंडू कुणाकडे आहे? रिकामी जागा कुठे आहे? माझा माणूस कुठे आहे?

‘माझा माणूस’ म्हणजे समोरच्या संघातला ज्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी आपल्याकडे आहे तो. नवी मुलं पहिल्या प्रश्नावरच अडकतात. सगळे चेंडूकडे बघतात, सगळे चेंडूमागे पळतात आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात पंधरा जणांचा घोळका होतो. दुसऱ्या बाजूला समोरच्या संघातला एखादा शहाणा मुलगा एकटाच उभा असतो. चेंडू त्याच्याकडे गेला की गोल.

ही सवय अंगात मुरायला एक सोपा सराव आहे. जोडी करा. एकाने चेंडू पायाने किंवा हाताने ड्रिबल करत फिरायचं, दुसऱ्याने समोर दहा पावलांवर राहून हाताची बोटं दाखवायची, कधी दोन, कधी पाच. ड्रिबल करणाऱ्याने मोठ्याने आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी चेंडू सारखा निसटेल. निसटू द्या, पण मान खाली घालू नका. दुसरी सवय: चेंडू आपल्याकडे येतोय असं दिसलं, की तो पोचायच्या आत एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचं. मागे माणूस आहे की मोकळं आहे, हे चेंडू हातात किंवा पायात आल्यावर बघायला वेळ मिळत नाही.

पायरी ३: थांबायला आणि वळायला शिका

पळायला सगळ्यांना येतं. वेगात असताना दोन पावलांत थांबायला फार कमी जणांना येतं आणि या खेळांत तेच जास्त लागतं. गुडघे वाकवा, कंबर खाली आणा, वजन चवड्यांवर घ्या. शिट्टी वाजली की थांबा, पुन्हा वाजली की उलट्या दिशेने पळा. आडवं सरकण्याचाही सराव करा: पाय एकमेकांवर न टाकता बाजूला सरकायचं. बचावात याचा रोज उपयोग होतो. दहा मिनिटं पुरे, मात्र रोज.

पायरी ४: पास

मला एकच कौशल्य शिकवायची मुभा दिली तर मी पास शिकवीन. चेंडू माणसापेक्षा नेहमीच वेगाने पुढे जातो, त्यामुळे कितीही चपळ ड्रिबल करणारा असला तरी दोन चांगल्या पासांपुढे तो मागे पडतो.

फुटबॉलमध्ये सुरुवातीचा पास पायाच्या आतल्या बाजूने द्या. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी ठेवा आणि त्याची बोटं जिकडे पास द्यायचाय तिकडे वळवा. निम्मी चूक तिथेच सुधारते. बास्केटबॉलमध्ये छातीपासून दोन्ही हातांनी सरळ पास, किंवा मध्ये हात घालणारा असेल तर टप्पा पास. टप्पा आपल्या पायाशी पाडायचा नाही, अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर पाडायचा, म्हणजे चेंडू समोरच्याच्या कमरेपर्यंत उसळतो. हँडबॉलमध्ये कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून चेंडू मागून पुढे फेकायचा. हॉकीत डावा हात स्टिकच्या टोकाला, उजवा खाली. सुरुवातीला जोराने हाणायच्या फंदात न पडता चेंडू ढकलायचा.

पास घेणंही शिकावं लागतं. चेंडू येताना हात किंवा पाय थोडा मागे घ्या, म्हणजे तो आदळून उडत नाही. आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू आपल्या माणसापासून लांबच्या बाजूला घ्या.

आता एक सराव जरा तपशिलात सांगतो, कारण याच्याइतका उपयोगी दुसरा मला माहीत नाही. आठ पावलं लांब, आठ पावलं रुंद असा चौकोन आखा. फक्की नसेल तर कोपऱ्यांवर दप्तरं ठेवा. चौघे बाहेरच्या बाजूंवर, दोघे आत. बाहेरच्यांनी आपसात पास द्यायचे, आतल्या दोघांनी चेंडू हिरावायचा. ज्याचा पास अडला तो आत जाणार. सलग किती पास झाले ते सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायचं.

पहिले काही दिवस चार-पाच पासांच्या वर गाडी जात नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पास वाईट असणं नसतं. पास दिलेला मुलगा ‘झालं माझं काम’ म्हणून जागच्या जागी उभा राहतो. तो उभा आहे तिथे आतल्याने पाऊल टाकलं की तो झाकला जातो आणि चेंडू असलेल्याला द्यायला माणूस उरत नाही. म्हणून नियम घाला: पास दिला की लगेच दोन पावलं बाजूला सरकायचं, जिथून चेंडू आणि आपण यांच्यामध्ये कुणी नसेल अशा ठिकाणी.

एकदा हा सराव चालू असताना सातवीतल्या एका मुलीकडे मी बराच वेळ बघत होतो. तिला किक फार चांगली येत नव्हती. पण चेंडू समोरच्या बाजूला असताना ती एकसारखी बाजूच्या बाजूला सरकत होती, अर्धं पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, आणि आतल्या दोघी जिथे उभ्या असतील त्यांच्या मधल्या फटीतून ती चेंडूला दिसत राहत होती. चेंडू यायच्या आधीच तिचा खांदा पुढच्या पासाच्या दिशेला वळलेला असायचा. तिच्या चौकोनात पासांची मोजणी वीसच्या पुढे गेली. इतर चौकोनांत ती पाचाच्या आसपासच घुटमळत होती.

चौघांना जमायला लागलं की चौकोन लहान करा. मग ‘दोनच स्पर्श’ अशी अट घाला. मग बोलणं बंद करून खेळा. डोळे आपोआप वर येतात.

पायरी ५: जागा तयार करा

आपल्याकडे चेंडू असेल तेव्हा मैदान मोठं करायचं आणि समोरच्याकडे असेल तेव्हा लहान. चेंडू मिळाला की कडेचे खेळाडू रेषेपर्यंत पसरतात, पुढचे पुढे जातात. समोरच्या बचावाला ताणून पातळ करायचं असतं. चेंडू गेला की सगळे आत आणि मागे.

कडेला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार असते: ‘सर, मला कुणी पासच देत नाही.’ त्यांना मी मनापासून सांगतो, तुम्ही रेषेजवळ थांबलात म्हणून समोरचा एक बचावपटू तुमच्यापाशी अडकून पडला आणि मधल्या मुलाला गोलकडे जायला वाट मिळाली. त्या गोलमध्ये तुमचाही वाटा आहे. हे प्रशिक्षकांनी सर्वांसमोर बोलून दाखवलं पाहिजे, नाहीतर तो मुलगा पुढच्या सामन्यात मधल्या घोळक्यात येऊन उभा राहतो.

सुटका करून घेण्याच्या दोन युक्त्या सगळ्या खेळांत चालतात. पहिली: आधी आपल्या माणसाच्या दिशेने दोन-तीन संथ पावलं टाका, तो वजन मागे नेतो, आणि लगेच झपकन उलट बाजूला सुटा. वेग बदलणं यात महत्त्वाचं. एकाच वेगाने पळणाऱ्याला धरून ठेवणं सोपं असतं. दुसरी: पास देऊन पळा. चेंडू मित्राकडे दिला की बचावपटूची नजर क्षणभर चेंडूमागे जाते, तेवढ्यात त्याच्या पाठीमागून पुढे निघा आणि चेंडू परत घ्या.

पायरी ६: बचाव

बचाव म्हणजे जोरात जाऊन चेंडूवर झडप घालणं, असा बहुतेकांचा समज असतो. झडप चुकली की तुम्ही मागे आणि तो पुढे. म्हणून आधी फक्त अडवा, वेळ काढा.

आपण नेहमी आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मध्ये असायचं. अंतर साधारण हातभर. समोर छाती करून उभं न राहता थोडं तिरकं राहा, एक पाय पुढे. त्याच्या पायांकडे किंवा डोळ्यांकडे बघाल तर हूल देऊन तो फसवेल. कमरेकडे बघा, कंबर वळते तिकडेच माणूस जातो. त्याला मधली वाट बंद करा आणि कडेच्या रेषेकडे ढकलत न्या, म्हणजे ती रेषाच तुमच्या बाजूने खेळते. त्याचा चेंडू जरा लांब गेला किंवा मान खाली गेली, की तेव्हा घ्या.

दुसरा बचावपटू पहिल्याच्या मागे तिरका, चार-पाच पावलांवर असावा. त्याने बोलत राहायचं: ‘डावीकडे ढकल’, ‘मी मागे आहे’, ‘घे आता’. गप्प बचाव लवकर फुटतो. आणि चेंडू हातचा गेला तर हळहळत उभं राहू नका. आधी थेट आपल्या गोलच्या दिशेने पळा, मग वळून आपला माणूस शोधा.

कबड्डीत हेच एकत्र आणि फार जवळून दिसतं. दोन्ही ‘कोपरे’ म्हणजे टोकांचे बचावपटू आणि त्यांच्या आतले ‘कव्हर’ हात धरून साखळीत सरकतात. चढाईवाला डाव्या कोपऱ्यावर गेला तर उजवा कोपरा त्याच्या परतीच्या वाटेकडे वळतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि कव्हर अर्ध्या सेकंदाने उशिरा आला, तर पकड सुटते आणि गुणही जातो. त्यामुळे सराव करताना एकट्याने घोटा धरण्यापेक्षा दोघांनी एकदम जाण्यावर भर द्या.

पायरी ७: नियम, खेळानुसार

शालेय स्पर्धेत वयोगटाप्रमाणे सामन्याचा वेळ कमी केलेला असतो, कधी मैदानही लहान असतं. ते सामन्याआधी विचारून घ्या. खाली मोठ्यांच्या खेळाचे मूळ नियम आहेत.

फुटबॉल. ११ खेळाडू, दोन डाव ४५ मिनिटांचे. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. पेनल्टी ११ मीटरवरून. गोलकीपर सोडून कुणी हाताने चेंडू खेळायचा नाही, आणि आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरलाही हातात घेता येत नाही. थ्रो-इन, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं, घेताना दोन्ही पाय जमिनीवर, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून वर आणून टाकायचा. नवी मुलं टाकताना मागचा पाय उचलतात आणि थ्रो समोरच्यांना जातो.

ऑफसाइडला सगळे घाबरतात, पण तीन गोष्टी तपासल्या की ते सुटतं. मित्राने पास दिला त्या क्षणी, चेंडू पोचतो त्या क्षणी नव्हे: एक, तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या भागात होता का? दोन, चेंडूच्या पुढे होता का? तीन, तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे दोनपेक्षा कमी जण होते का? (गोलकीपर धरूनच मोजायचं.) तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही ऑफसाइड जागेत आहात. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत असाल तर चालतं. नुसतं त्या जागेत उभं राहणं गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला तर शिट्टी वाजते. आणि थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर यांवरून थेट चेंडू आला तर ऑफसाइड लागतच नाही. वर्गात बाकावर खडू आणि खोडरबर मांडून हे दोन-चार वेळा करून बघा. मैदानात ओरडून समजावण्यापेक्षा लवकर कळतं.

हॉकी. ११ खेळाडू, १५ मिनिटांचे चार डाव. इथे ऑफसाइड नाही. फुटबॉलमधून आलेल्यांना दोन गोष्टी जड जातात. चेंडू पायाला लागता कामा नये, आणि आपलं अंग आडवं घालून चेंडू झाकायचा नाही, तो अडथळ्याचा फाऊल धरतात. स्टिकची फक्त सपाट बाजू वापरायची. गोल मोजला जायला आक्रमकाचा चेंडूला स्पर्श समोरच्या गोलपुढे आखलेल्या वर्तुळाच्या आत झालेला असावा लागतो. तुम्ही बाहेरून कितीही जोरात मारलं आणि कुणाचाच स्पर्श न होता तो आत गेला, तरी गोल नाही. हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं तर किमान पाच.

बास्केटबॉल. ५ खेळाडू, १० मिनिटांचे चार डाव, रिंग ३.०५ मीटर उंचीवर. ड्रिबल थांबवून चेंडू दोन्ही हातांत धरला की पुन्हा ड्रिबल नाही: आता पास किंवा शॉट. उभं असताना एक पाय खिळवून दुसरा फिरवता येतो, खिळलेला पाय उचलून दुसरीकडे ठेवला की ट्रॅव्हलिंग. मग घड्याळ: समोरच्या रिंगखालच्या रंगवलेल्या भागात ३ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही, ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची, २४ सेकंदांत शॉट घ्यायचा. मध्यरेषा ओलांडल्यावर चेंडू मागे न्यायचा नाही. पाच वैयक्तिक फाऊल झाले की सामना संपेपर्यंत बाहेर.

हँडबॉल. गोलकीपर धरून ७ जण, ३० मिनिटांचे दोन डाव, मैदान ४० बाय २० मीटर. चेंडू हातात घेऊन तीन पावलं आणि तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. गुडघ्याखाली चेंडू लागता कामा नये. गोलपुढच्या ६ मीटरच्या रेषेच्या आत फक्त गोलकीपर. आक्रमकाला तिथे पाय ठेवता येत नाही, पण रेषेबाहेरून उडी मारून जमिनीवर यायच्या आत चेंडू सोडता येतो. या खेळातलं सगळ्यात देखणं दृश्य तेच आहे आणि मुलांना ते शिकायला मनापासून आवडतं.

कबड्डी. ७ जण मैदानात. पुरुषांना २० मिनिटांचे दोन डाव, महिलांना १५ मिनिटांचे. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार मध्यरेषा ओलांडायच्या आत सुरू झाला पाहिजे आणि एका दमात, स्पष्ट ऐकू येईल असा चालू राहिला पाहिजे. चढाईला ३० सेकंद. कुणाला शिवलं नसेल तर ‘निदान रेषा’, म्हणजे मध्यरेषेपलीकडची पहिली रेषा, तरी ओलांडून परत यायचं, नाहीतर चढाईवाला बाद. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस, आणि बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकताना दुसरा हवेत हवा. झटापट सुरू झाली की कडेच्या राखीव पट्ट्यांचाही वापर करता येतो. त्याआधी तिथे पाय गेला तर बाद. समोरचा पूर्ण संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन जादा गुण. नखं कापलेली हवीत आणि अंगाला तेल लावून उतरायचं नाही, हेही नियमातच आहे.

पायरी ८: आठवड्याची आखणी

सुरुवातीला आठवड्यातून चार दिवस, एक-एक तास पुरतो. पहिली दहा मिनिटं अंग गरम करणं, नंतर दहा मिनिटं थांबणं-वळणं. मग वीस मिनिटं चौकोनातले पास. शेवटची वीस मिनिटं प्रत्यक्ष खेळ, पण लहान: तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार, अर्ध्याहून लहान मैदानात. पूर्ण ११ विरुद्ध ११ घाईने खेळवू नका. मोठ्या मैदानात नव्या मुलाला चेंडू क्वचित मिळतो, दमछाक मात्र होते. चार विरुद्ध चारमध्ये लपायला जागाच नसते आणि तिन्ही प्रश्न पावलोपावली विचारावे लागतात.

पायरी ९: मैदान, बूट आणि दुखापत

आपल्याकडे बहुतेक सराव मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर होतो. उन्हाळ्यात ते खरखरीत, गुडघे सोलणारं, पावसाळ्यात निसरडं. सराव सुरू करायच्या आधी सगळ्यांनी एका ओळीत चालत मैदान पार करून दगड, काचा, खिळे वेचा. सुरुवातीला महागडे बूट नकोत, पण पायाला घट्ट बसणारे हवेत. फुटबॉल आणि हॉकीला नडगी सांभाळणारे शिन गार्ड आणि हॉकीला दात सांभाळणारं माउथगार्ड यांत काटकसर करू नका. अंगठ्या, कडी, गळ्यातल्या साखळ्या घरी ठेवा.

घोटा मुरगळला तर खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं लावा, पाय उंचावर ठेवा. तेल लावून चोळायचं नाही, सूज वाढते. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरकडे. डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं वाटलं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरणार नाही, सामना कितीही अटीतटीचा असो, आणि तपासणी करून घ्यायचीच. यात प्रशिक्षकाने कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नये.

खाण्याचं थोडक्यात: सामन्याच्या दोन-तीन तास आधी भाकरी-भाजी किंवा पोळी, आधी अर्धा-पाऊण तास एखादं केळं, मध्यंतरात घोट-घोट पाणी.

पायरी १०: पहिली स्पर्धा

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग आणि राज्य अशी वाट असते. तालुक्याचे सामने अनेकदा पावसाळ्यातच सुरू होतात, म्हणून शाळा उघडल्याबरोबर क्रीडाशिक्षकांना भेटून नाव द्या. प्रवेशिका शाळेमार्फतच जाते. जन्मतारखेचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो आधीच तयार ठेवा. ऐन वेळी कागद नाही म्हणून चांगली मुलं घरी राहिलेली मी पाहिली आहेत. दहावी-बारावीत ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात, पण त्याचे निकष शाळेत नीट समजून घ्या आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा.

पंचाशी बोलायचं ते कर्णधाराने, हात मागे घेऊन, शांतपणे. शिट्टी वाजली की चेंडू जागेवर ठेवून आपल्या जागी परत जा. तुम्ही वाद घालत उभे असता तेव्हा समोरचा संघ फ्री किक झटपट घेऊन पुढे निघून जातो, आणि तुमचा माणूस मोकळा असतो.

पहिल्याच सामन्यात सुरुवातीपासून खेळायला मिळेलच असं नाही. बदली खेळाडू म्हणून बाकावर बसलात तर आपल्या जागेवर समोरचा जो खेळतोय त्याच्याकडे बघा. तो कुठल्या पायाने चेंडू घेतो, दमला की मागे यायला उशीर करतो का, त्यांचा गोलकीपर उंच चेंडूला पुढे येतो की रेषेवरच थांबतो? मध्यंतरात हे कर्णधाराच्या कानावर घाला. मग प्रशिक्षकांनी हाक मारली, की शर्ट खोचा, बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळा आणि आत जाताना विचारून घ्या: ‘माझा माणूस कुठला?’